तीन रकान्यांची वही: बीटाकॅम टेपांच्या कॅप्चरच्या नोंदी

शनिवार, २९ जून २०२४

काम घेतलं. एका नाट्यसंस्थेच्या जुन्या व्हिडिओ टेपा कंप्युटरवर उतरवायच्या, म्हणजे कॅप्चर करायच्या: ११२ बीटाकॅम एसपी आणि ३८ मिनीडीव्ही, सगळ्या १९९१ ते २००५ मधल्या. प्रयोग, तालमी, काही मुलाखती, आणि वर नुसतंच ‘इतर’ लिहिलेलं एक खोकं. ते शेवटी.

जोडणी झाली. डेक (टेप वाजवणारं मशीन) सोनी यूव्हीडब्ल्यू-१८००पी, मागून कम्पोनंटच्या, म्हणजे उजेड आणि रंग वेगवेगळे नेणाऱ्या, तीन बीएनसी केबली. त्यातली ल्युमिनन्सची (उजेडाची), म्हणजे ‘वाय’, सिग्नलची उंची दाखवणाऱ्या वेव्हफॉर्म मॉनिटरमधून फिरवून अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणाऱ्या कन्व्हर्टरला दिली. बाकी दोन थेट. कन्व्हर्टरमधून एसडीआय (डिजिटल व्हिडिओची केबल) कॅप्चर कार्डात. डेक सॉफ्टवेअरमधून चालवायला नऊ पिनांची आरएस-४२२ केबल. वर्कस्टेशन नऊ वर्षांचं आहे, पण रॅम ३२ जीबी आहे, चालून जाईल. कॅप्चर होणार ते गेल्या दिवाळीत घेतलेल्या ४ टीबीच्या डिस्कवर. तिच्यातली जुनी जाहिरातींची कामं इथली चार तिथली दोन अशी उडवून दीड टीबी मोकळं केलं.

फॉरमॅट अनकम्प्रेस्ड १० बिट. ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. एका फ्रेमचे ११,०५,९२० बाइट, म्हणजे सेकंदाला २७.६ एमबी आणि तासाला जवळजवळ १०० जीबी. आकडा फळ्यावर लिहून ठेवला.

डेक सॉफ्टवेअरला दिसेना. अर्धा तास केबल उलटसुलट करून पाहिली. डेकवरचा खटका ‘लोकल’वर होता, म्हणजे डेक फक्त स्वतःच्याच बटणांचं ऐकत होता. लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी अर्धा तास वाचेल. (वाचणार नाही.)

सोमवार, १ जुलै

पालख्या शहरात आहेत, रस्ते बंद. असिस्टंट पोरगा दुपारी दोनला उगवला. मग नुसत्या टेपा तपासल्या. नऊ टेपांना बुरशी आहे. टेपच्या खिडकीशी टॉर्च धरला की गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. त्या वेगळ्या पिशवीत. एकीची बुरशी डेकच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागली की पुढच्या चार टेपांना तिचा प्रसाद मिळतो. बाकीच्या सिलिका जेल घालून कपाटात. डेकला खोलीतलं दमट आवडत नाही, ओल जाणवली की तो स्वतःच संप करतो, त्यामुळे एसी रात्रीपण ‘ड्राय’ मोडवर चालू राहणार. मालकांना बिल आल्यावर सांगू.

बुधवार, ३ जुलै

पहिली टेप सकाळी दहाला लावली. ६० मिनिटं, एकही फ्रेम न गळता. चहा मागवला.

दुसरी टेप २३व्या मिनिटाला थांबली. ‘फ्रेम्स ड्रॉप झाल्या, कॅप्चर बंद.’ मागे नेऊन परत लावली, नवव्या मिनिटाला पडली. परत लावली, ३१व्या. दुपारनंतर दोनदा वेगळंच झालं: फ्रेम ड्रॉप वगैरे नाही, चित्रच गेलं. सेकंदभर काळं आणि ‘नो इनपुट’.

पोरगा म्हणाला, “दादा, आपलं सेटिंग ड्रॉप-फ्रेमवर तर नाही ना?” हसू आवरलं, कारण पहिल्या नोकरीत मीही हेच विचारलं होतं. टाइमकोड म्हणजे टेपवर प्रत्येक फ्रेमला दिलेला तास-मिनिट-सेकंद-फ्रेमचा नंबर. ड्रॉप-फ्रेम टाइमकोड ही अमेरिकेकडच्या सेकंदाला २९.९७ फ्रेमची भानगड. तिथे दर मिनिटाला दोन आकडे गाळतात, दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत, म्हणजे टाइमकोड घड्याळाशी जुळून राहतो. गाळतात ते आकडे, चित्रं नाही. आपल्याकडे ‘पाल’ पद्धत, सरळ २५ फ्रेम, तिथे हा हिशोबच नाही. आपली चित्रं खरोखरची गळतायत.

शुक्रवार, ५ जुलै

अँटिव्हायरसला कॅप्चरचं फोल्डर वगळायला सांगितलं. स्लीप आणि यूएसबीची वीजबचत बंद. कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकला. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये. एसडीआय केबल बदलली. डिस्कची स्पीड टेस्ट मारली: लिहिण्याचा वेग सेकंदाला १८० एमबी, सगळीकडे हिरवं. आपल्याला लागतात २८. म्हणजे डिस्क निर्दोष.

आज तीनदाच पडलं. परवा सहा वेळा. पाचांपैकी कशामुळे कमी झालं? की सकाळी दोनच टेपा लावल्या म्हणून? एका दिवशी पाच गोष्टी बदलल्यावर हे कळायला ज्योतिषी लागेल.

सोमवार, ८ जुलै

काकांना फोन केला. वरळीला दूरदर्शनमध्ये त्यांची उभी हयात व्हीटीआरवर (व्हिडिओ टेपच्या मशीनवर) गेली. रिटायर झाल्यापासून कोथरूडला असतात आणि मी फोन केला की आधी ‘आता काय मोडलंस’ विचारतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले,

“पडतं ते कुठं पडतं?”

“कुठेही, काका.”

“कुठेही असं काही नसतं रे. एक वही घे. टेपचा टाइमकोड लिही. कॅप्चर सुरू होऊन किती मिनिटं झाली ते लिही. आणि मान वर करून भिंतीवरचं घड्याळ बघ नि तेही लिही. तीन रकाने. शनिवारी येतो.”

फोन ठेवला. शुक्रवारचे बदल सगळे मागे घेतले, फक्त स्लीप बंदच ठेवला. पोराच्या हातात वही दिली.

गुरुवार, ११ जुलै

तीन दिवस, ११ टेपा, १९ नोंदी. वही उघडी ठेवून दोघं बसलो. रकाने वेगवेगळे वाचले की वेगवेगळं बोलतात.

टाइमकोडचा रकाना: १४ नंबरची टेप ००:१७:४२:०८ला पडली. परत लावली, तिथेच. आणखी दोन टेपांचं हेच. हे टेपमध्येच आहे, मशीनला बोल लावण्यात अर्थ नाही.

कॅप्चर झालेल्या मिनिटांचा रकाना: फ्रेम ड्रॉपच्या नऊ नोंदींमध्ये दिवसाची पहिली टेप एकदाही नाही. तिन्ही दिवस पहिली सुखरूप. दुसरीला कधी विसाव्या मिनिटाला, कधी पन्नासाव्या. तिसरीला त्याहून लवकर. जसजसा दिवस जातो तसतसं घसरत जातं, आणि रात्रीत बरं होतं. आपल्यासारखंच.

घड्याळाचा रकाना: ‘नो इनपुट’च्या सात नोंदी. चार अशाच विखुरलेल्या. तीन मात्र ४:०५, ४:१०, ४:०५. तिन्ही दिवस दुपारी.

आठवडाभर मी एकच बिघाड शोधत होतो. इथे निदान तिघे बसलेत, आणि मेसेज देताना एकमेकांचा आवाज काढतायत.

शनिवार, १३ जुलै

काका आले. पिशवीतून सिगरेटच्या पाकिटाएवढा पॅटर्न जनरेटर काढला. टेप नको, डेक नको, कलर बारचा स्वच्छ सिग्नल सरळ वायरीत. डेकमधून येणारी बीएनसी काढून जनरेटरची लावली आणि वेव्हफॉर्म मॉनिटरकडे बघत उभे राहिले. मी कन्व्हर्टर, ड्रायव्हर, कार्ड असं काहीबाही सांगत होतो. ते ऐकत नव्हते.

“पांढरा कुठे आहे?”

मी बघितलं. पांढऱ्याची रेघ वर टेकायला हवी, ती दोन तृतीयांशावर लोंबत होती. सिंक (चित्र जागेवर धरणारा ठोका) खाली ०.३ व्होल्ट हवा, तोही ०.२. अख्खा सिग्नल एक व्होल्टचा ०.६७ झालेला.

“टोपी कुणी घातली?”

मॉनिटरच्या मागे लूपच्या दोन बीएनसी असतात, एक आत, एक बाहेर. बाहेरच्यावर टी (तिहेरी जोड) लावून त्याच्या एका टोकाला कन्व्हर्टरची केबल होती, आणि दुसऱ्या टोकाला ७५ ओहमचा टर्मिनेटर, साखळीच्या शेवटी लावायचा रोध. ती टोपी. मॉनिटर साखळीत शेवटचा असायचा तेव्हाची. टी-सकट तशीच राहिली. मीच जोडलं होतं, २९ तारखेला, हौसेने. कन्व्हर्टरच्या पोटात स्वतःचं ७५ ओहम टर्मिनेशन असतंच. दोन ७५ समांतर जोडले की साडेसदतीस, आणि डेकचा स्वतःचा ७५ धरला की वाटणीत दोन तृतीयांश उरतात. हे मी परीक्षेत सोडवलेलं गणित आहे.

काकांनी दोन बोटांनी टी काढला, केबल सरळ लावली. रेघ उडी मारून वर गेली आणि जागेवर बसली. बस, एवढंच.

वाईट याचं वाटतं की गेल्या आठवड्यात पोरगा म्हणाला होता, “टेपा फिक्या पडल्यात दादा, धोतर करडं दिसतंय.” मी म्हटलं, जुन्या आहेत, ग्रेडिंगला (नंतर रंग-उजेड सुधारताना) उचलू. मॅग्नेटिक टेप अशी फोटोसारखी फिकी पडत नाही, हेही मला ठाऊक होतं. आतापर्यंत झालेल्या १९ टेपा परत कराव्या लागणार. सॉफ्टवेअरमध्ये गेन वाढवून चित्र उजळेल, पण १० बिटांपैकी एक तृतीयांश पायऱ्या वापरल्याच नाहीत, त्या कुठून आणणार?

मालकांना अजून सांगितलं नाही.

मंगळवार, १६ जुलै

काल आणि आज मिळून ‘नो इनपुट’ दोनदा. दोन्ही चारच्या सुमाराला. विखुरलेले गायब. अशक्त सिंकवर कन्व्हर्टर जेमतेम लॉक धरत होता, त्याला आता सिंक पोटभर मिळतोय.

फ्रेम ड्रॉप मात्र आहे तसाच. काकांचा जनरेटर ठेवून घेतला आहे. आज दिवसभर टेप न लावता नुसते कलर बार कॅप्चर केले आणि बाजूला रिसोर्स मॉनिटर उघडा ठेवला. पहिला तास डिस्कचा प्रतिसाद १०-१५ मिलिसेकंद. ७४व्या मिनिटाला ३००. मग ९००. मग २,४००, म्हणजे एकेक लिखाणाला अडीच सेकंद, आणि सॉफ्टवेअरचा बफर (लिहायच्या आधी फ्रेम थांबतात ती तात्पुरती जागा) भरून ड्रॉप. डेक नाही, टेप नाही, तरी पडलं. म्हणजे ज्या डिस्कला मी ५ तारखेला निर्दोष सोडलं, तीच.

तिचा मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत पाहिला. एसएमआर निघाली. २०२० मध्ये लोकांनी ओरड केल्यावर डिस्क कंपन्यांनी असल्या याद्या जाहीर केल्या. घेताना मी पाहिली नव्हती. साध्या डिस्कवर डेटाचे पट्टे शेजारी शेजारी असतात. हिच्यात ते कौलांसारखे एकावर एक चढवलेले, म्हणून कमी जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावरची सगळी उचलून परत बसवावी लागतात. डिस्क हे काम लगेच करत नाही. येईल तो माल आधी अंगणात, म्हणजे वेगळ्या राखीव पट्ट्यात टाकते आणि मोकळा वेळ मिळाला की कौलं शाकारते. अंगण भरलं की मग येणारा माल दारातच थांबतो.

आता सगळं जुळतं. स्पीड टेस्ट दोन-चार जीबी लिहून थांबते, ते अंगणातच मावतं. इथली चार तिथली दोन कामं उडवून केलेली मोकळी जागा म्हणजे छपराला मध्ये मध्ये पडलेली भोकं, तिथे दर वेळी उचकाउचकी. एक टेप संपली की आम्ही त्याच डिस्कवर तिचा चेकसम (फाइल बदलली नाही हे ताडायचा आकडा) काढतो आणि बघायची छोटी फाइल बनवतो, म्हणजे तिला उसंतही नाही. आणि रात्रभर मशीन चालू असतं, काम नसतं, तेव्हा ती सावकाश सगळं जागेवर लावते. सकाळची पहिली टेप म्हणून सुखरूप.

डिस्क खराब नाही. साठवणीला उत्तम, आहे तिथे राहू दे. कॅप्चरला १ टीबीची एसएसडी मागवली.

शुक्रवार, १९ जुलै

एसएसडीवर सलग तीन तास बार. ३०० जीबी, ड्रॉप शून्य. टेपा परत सुरू.

४:०८ला ‘नो इनपुट’. यावेळी मी मुद्दाम चार वाजल्यापासून कन्व्हर्टरसमोर बसलो होतो. झालं ते असं: डोक्यावरची ट्यूब क्षणभर डोळा मिटल्यासारखी मंदावली, कन्व्हर्टरचा हिरवा दिवा लाल झाला, परत हिरवा. आणि खिडकीतून खालून घरघर ऐकू आली. पाण्याची मोटर.

खाली जाऊन वॉचमनमामांना विचारलं. चारला कॉर्पोरेशनचं पाणी येतं, खालची टाकी जरा भरली की ते वर चढवायला मोटर लावतात. मी म्हटलं, मामा, मी वर पोचलो की बंद करून परत चालू कराल का? त्यांनी माझ्याकडे बघितलं तसं कुणी बघू नये, पण केली. तीनदा चालू, तीनदा दिवा लाल. खिडकीतून हात केला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजीही गॅलरीत येऊन बघत होत्या.

वर्कस्टेशन आणि डेक यूपीएसवर आहेत. कन्व्हर्टरचा अडॅप्टर भिंतीवरच्या साध्या बोर्डाला, कारण यूपीएसमध्ये त्याचं ठोकळ्याएवढं डोकं मावत नव्हतं. जुना ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर. मोटर सुरू होताना व्होल्टेज दबलं की याचंही दबतं. आजकालच्या स्विचिंग अडॅप्टरला एवढं कळलंही नसतं. हातभर एक्स्टेंशन घेऊन यूपीएसवर नेला. मामांना चौथ्यांदा सांगायची हिंमत झाली नाही, उद्या चारला बघू.

(शनिवारी भर घातली: ४:०६, मोटर सुरू, ट्यूब मंदावली, दिवा हिरवाच.)

सोमवार, २२ जुलै

उरल्या त्या टेपमध्येच अडलेल्या. १४ नंबर परत लावली. १७:४२ला कॅमेरामनने बॅटरी बदललेली दिसते. टाइमकोड तिथून उडी मारून परत शून्याच्या आसपास सुरू होतो. सॉफ्टवेअरला वाटतं डेकने दगा दिला. ‘टाइमकोड तुटला की नवी क्लिप’ असं सेटिंग केलं. तरी तुटल्यानंतरचे पहिले पाच सेकंद हातात येत नाहीत, कारण प्री-रोलला, म्हणजे वेग धरायला, डेक थोडा मागे जातो आणि मागे वेगळाच टाइमकोड असतो. तो शोधत बसतो. तेवढ्यापुरता कंट्रोल बंद करून, हाताने प्ले दाबून घेतलं. टाइमकोड तुटलेल्या तीनही टेपा झाल्या.

२७ नंबरला चित्रात आडवे पांढरे चट्टे. हेड चोक, म्हणजे हेडवर घाण बसलेली. क्लीनिंग टेप पाच सेकंद, जास्त नाही. ती सँडपेपरची मावसबहीण आहे. साफ.

गुरुवार, २५ जुलै

खडकवासल्यातून रात्री पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. पोरगा तिकडेच राहतो. फोन लागला, सगळे वरच्या मजल्यावर आहेत, ठीक आहेत. ऑफिसची वीज दुपारपर्यंत नाही. काम बंद.

सोमवार, २९ जुलै

मिनीडीव्ही. इथे कॅप्चर म्हणजे खरं तर कॉपी. टेपवर आकडेच आहेत, फायरवायर केबलने ते जसेच्या तसे उतरतात. मशीनवर विंडोज १० आहे. जुना ‘लेगसी’ ड्रायव्हर विंडोज ८ पासून सोबत येत नाही, वेगळा उतरवून कंट्रोलरला लावावा लागला. मग डेक लगेच दिसला.

पोरगा परत आला, बूट अजून ओले. उत्साहाने स्वतःची पोर्टेबल डिस्क लावून तीन टेपा चढवल्या. तिन्ही विसाव्या मिनिटाच्या आत थांबल्या. मी काही बोलायच्या आधी त्यानेच वहीतला मधला रकाना दाखवला: “तिन्ही एकाच मिनिटाला, दादा. टेप नाही, घड्याळ नाही.” डिस्क फॅट३२ फॉरमॅटची निघाली. तिथे एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही आणि डीव्ही सेकंदाला ३.६ एमबी खातो, भागाकार त्यानेच केला. त्याला वाटलं मी रागावेन. दोन वडापाव मागवले.

चार टेपा एलपी मोडमध्ये निघाल्या, ६० मिनिटांत ९० कोंबलेली. आमच्या डेकवर चौकोन चौकोन येतात. ज्या कॅमेऱ्यावर भरल्या तो मिळाला तर नीट वाजतील. संस्थेला विचारलं आहे.

शनिवार, ३ ऑगस्ट

बीटाकॅम ७१ झाल्या, त्यात परत केलेल्या १९ धरून. मिनीडीव्ही ३०. बुरशीवाल्या नऊ काकांच्या ओळखीच्या एकाकडे साफ करायला गेल्या. झालेल्या फाइली रात्री एफएफव्ही१ फॉरमॅटमध्ये बदलतो, काहीही न गमावता आकार साधारण अर्धा होतो, आणि प्रत्येक फ्रेमचा चेकसम ताडून मगच एसएसडीवरची मूळ फाइल उडवतो. उडवायचं बटण फक्त मी दाबतो.

मालकांना १९ टेपांचं सांगितलं. ते म्हणाले, टोपी केवढ्याची येते? मी म्हटलं, शंभर-दीडशेची असेल. पुढे काही बोलले नाहीत.

दुपारी पोराने सहा नंबरची जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी शेजारी लावून दाखवली. तालमीचा हॉल, ट्यूबलाइटचा उजेड, खुर्चीवर बसलेले दिग्दर्शक. धोतर पांढरंशुभ्र. त्यांच्या मागे भिंतीवर खडूने काहीतरी लिहिलंय, ते जुन्या फाइलमध्ये दिसतच नव्हतं: ‘गुरुवारी तालीम ६ ला. चहा आपापला.’

सोमवारपासून ‘इतर’.